नोकरी सांभाळून अभिजात शिक्षणात एम.ए.: अभ्यासक्रमाचे परीक्षण

माध्यमिक वर्गांना भाषा शिकवण्यात पंधरा वर्षे गेल्यानंतर एका गोष्टीने माझे समाधान हळूहळू पोखरायला सुरुवात केली होती. ‘कवीला इथे काय म्हणायचे आहे?’ असे मी वर्गात विचारत असे आणि कवीला काय म्हणायचे आहे ते माझ्या टाचणवहीत आदल्या रात्रीच लिहिलेले असे. मुले माझा चेहरा वाचून उत्तर शोधत आणि माझ्या वहीतल्या वाक्याच्या जवळपास कोणी पोहोचले की मी ‘शाबास’ म्हणून पुढे सरकत असे. प्रश्नाच्या रूपातल्या या रिकाम्या जागा भरून घेण्यापलीकडे आपल्याला काही येते का, ही शंका घेऊन मी अभिजात शिक्षण, म्हणजे क्लासिकल एज्युकेशन, या विषयातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. पदवी नुकतीच हातात आली असल्याने आणि असा अभ्यासक्रम करावा का, अशी विचारणा सहकारी शिक्षकांकडून वारंवार होत असल्याने हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे.

अभ्यासक्रम अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा होता. पुढे काही तक्रारी येणार आहेत, म्हणून त्याचे नाव देत नाही. दोन वर्षे, 36 क्रेडिट, आठवड्यातून दोन संध्याकाळी ऑनलाइन सेमिनार, उन्हाळ्यात एकदा दोन आठवड्यांचा निवासी वर्ग आणि शेवटी प्रबंध, असे त्याचे स्वरूप होते. आमच्या तुकडीत चौदा जण होतो आणि दोघे सोडल्यास सगळे नोकरी करणारे शिक्षक होते. ‘अभिजात’ या शब्दाने गैरसमज होऊ नये म्हणून सांगते की, येथे अभिप्रेत आहे ती ग्रीक व रोमन जगात रुजलेली आणि मध्ययुगीन युरोपात सात विद्यांच्या रूपाने स्थिरावलेली परंपरा. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांचे मिळून ट्रिव्हियम होते. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार विद्यांचे क्वाड्रिव्हियम. अमेरिकेत गेल्या काही दशकांत या परंपरेवर बेतलेल्या शाळा मोठ्या संख्येने निघाल्या आणि त्यांना शिक्षक हवेत म्हणून असे अभ्यासक्रमही निघाले. मी अशा शाळेत शिकवत नाही, आणि माझ्या मते या अभ्यासक्रमाचा लाभ घ्यायला तशा शाळेत असण्याची गरजही नाही.

पहिल्या सत्राची सुरुवात प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादाने झाली, आणि त्या दोन संध्याकाळींसाठी मी अख्ख्या अभ्यासक्रमाचे बरेच अपराध पोटात घालायला तयार आहे. त्यात सॉक्रेटिस मेनोच्या घरातल्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि जमिनीवर चौरस काढून दाखवतो. बाजू दोन फूट, म्हणजे क्षेत्रफळ चार चौरस फूट. आता याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यावी लागेल? मुलगा बेधडक सांगतो, दुप्पट, म्हणजे चार फूट. काढून पाहिल्यावर क्षेत्रफळ सोळा भरते. मग तो तीन म्हणतो, तर नऊ भरते. तिसऱ्या वेळी तो म्हणतो की मला खरोखरच माहीत नाही. इथे सॉक्रेटिस मेनोकडे वळून विचारतो की, या मुलाला अडवून आपण त्याचे नुकसान केले की भले केले? उत्तर शेवटी कर्णात सापडते: मूळ चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस नेमका दुप्पट असतो.

प्राध्यापकांनी आम्हाला पुस्तक मिटायला लावून हा प्रसंग दोघादोघांच्या जोडीत करून पाहायला सांगितले. मी सॉक्रेटिस झाले आणि चौथ्याच प्रश्नाला माझी गाडी घसरली, कारण समोरचा अडल्यावर मला राहवले नाही आणि ‘मधून रेघ काढून बघा ना’ असे मी बोलून गेले. आमच्यातल्या एका गणिताच्या शिक्षकाने नंतर हरकत घेतली की, सॉक्रेटिस तरी दुसरे काय करतो? मुलाची कितीतरी उत्तरे नुसती ‘हो’ अशीच आहेत, आणि कर्णसुद्धा सॉक्रेटिसच काढून दाखवतो, मुलगा नव्हे. या हरकतीवर दीड तास चर्चा झाली. प्राध्यापकांनी निवाडा दिला नाही. मुलाची जी दोन उत्तरे चुकली ती मात्र पूर्णपणे त्याची स्वतःची होती, एवढेच त्यांनी ध्यानात आणून दिले. पुढच्या आठवड्यात मी माझ्या वर्गात प्रश्न विचारून किती वेळ थांबते ते मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून मोजले. बहुतेक वेळा दोन सेकंदही होत नव्हते. आता मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजते, आणि सातव्या-आठव्या अंकाच्या सुमारास ज्या मुलांचे हात वर येतात ती मुले आधी कधी बोलत नसत.

लॅटिन एक वर्ष सक्तीचे होते. भाषेची शिक्षिका म्हणून मला त्याची धास्ती नव्हती, आणि विभक्ती प्रत्यय लहानपणी घोकलेल्या माणसाला लॅटिनची नामे पाहून घाम फुटण्याचे कारणही नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माझ्या सहाध्यायांना नामाच्या शेवटात अर्थ दडलेला असतो हेच पचवायला महिना लागला. मला मात्र वेगळीच गंमत दिसली. आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमीची बहुतेक कामे लॅटिनमध्ये ॲब्लेटिव्ह ही एकच विभक्ती करते. ‘ग्लादिओ’ म्हणजे तलवारीने, ‘आब उर्बे’ म्हणजे शहरापासून, ‘इन उर्बे’ म्हणजे शहरात. उलट, जिथे आपण ‘शहरात राहतो’ आणि ‘शहरात जातो’ या दोन्हींसाठी एकच ‘त’ वापरतो, तिथे लॅटिन जायचे असेल तर द्वितीया मागते: ‘इन उर्बेम’. मराठीचे व्याकरण इतकी वर्षे शिकवूनही आपल्या सप्तमीच्या पोटात स्थिती आणि गती अशा दोन गोष्टी सुखाने नांदत आहेत, हे मला लॅटिनच्या वर्गात बसल्यावर कळले. परक्या भाषेचे व्याकरण शिकण्याचा लाभ कोणता, याचे याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

लॅटिनची आखणी मात्र सदोष होती. पहिल्या सत्रात रूपे पाठ करून घेण्याची गती योग्य होती. दुसऱ्या सत्रात अर्धे क्रियापद प्रकरण शिल्लक असतानाच आमच्या हाती सीझरचा गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, युद्धावरचा वृत्तांत देण्यात आला. तीन भागांत विभागलेल्या गॉलचे ते प्रसिद्ध पहिले वाक्य सगळ्यांना जमले, कारण ते सोपे आहे. त्यानंतरची लांबलचक अप्रत्यक्ष कथने येऊ लागली तेव्हा निम्मी तुकडी चोरून भाषांतरे उघडून बसली, आणि त्यात मीही होते. नोकरी करणाऱ्या माणसाला एका वर्षात सीझर वाचता येईल, हे आश्वासन माहितीपत्रकात देण्यापूर्वी कोणीतरी फेरविचार करायला हवा होता.

वक्तृत्वाचा भाग या अभ्यासक्रमाचा सर्वांत भक्कम खांब ठरला. त्याचा आधार होता चौथ्या शतकातल्या ग्रीक वक्तृत्वशिक्षक ॲफ्थोनियसने लिहिलेली प्रोजिम्नास्माता, म्हणजे भाषण रचण्यापूर्वीची तयारी करून घेणारी चौदा लेखनप्रकरणे. बोधकथेपासून सुरुवात होते आणि कायद्याच्या प्रस्तावाची चिकित्सा करण्यापर्यंत मजल जाते. आम्ही दर आठवड्याला एक प्रकार लिहिला. तिसऱ्या प्रकारात एखादे वचन घेऊन त्याचा आठ अंगांनी विस्तार करायचा असतो: बोलणाऱ्याची स्तुती, वचनाचा भावार्थ, कारण, उलट बाजू, उपमा, उदाहरण, इतरांची साक्ष आणि छोटा समारोप. ॲफ्थोनियसने नमुन्यादाखल घेतलेले वचन ग्रीक वक्ता इसोक्रेटिसच्या नावावर आहे आणि त्याचा आशय असा की शिक्षणाचे मूळ कडू असते, फळ गोड. आपल्या शाळांतले निबंध ‘प्रस्तावना, मध्य, शेवट’ एवढ्या पुंजीवर लिहिले जातात. मुलांना काय लिहायचे ते सुचत नाही अशी आपण तक्रार करतो आणि सुचण्यासाठी कोणत्या दारांवर टकटक करायची हे मात्र सांगत नाही. ही आठ अंगे म्हणजे तशी आठ दारे आहेत. अर्थात त्यांचाही साचा होऊ शकतो, आणि सत्राच्या अखेरीस आमच्यातल्या काहींचे लेखन अगदी साच्यातून काढल्यासारखे दिसू लागले होते, हेही नोंदवले पाहिजे.

पाचव्या आणि सहाव्या प्रकारात एकच कथा आधी खोडून काढायची आणि मग तिचेच समर्थन करायचे. ॲफ्थोनियसने ग्रीक पुराणातली अपोलो आणि डॅफ्नीची कथा दोन्हीसाठी घेतली आहे. मी हा प्रयोग आठवीच्या वर्गात ससा आणि कासवाच्या गोष्टीवर केला. कथा खोडायला आधार म्हणून कथेतले संदिग्ध, अविश्वसनीय, अशक्य, विसंगत, अनुचित आणि निरुपयोगी असे सहा मुद्दे फळ्यावर लिहून दिले. वर्ग तुटून पडला. शर्यत ठरवली कोणी, हरणार हे माहीत असताना कासवाने ती मान्यच का केली, आणि ससा इतका वेळ झोपला हे पाहणाऱ्यांपैकी कोणीच त्याला कसे उठवले नाही, असे प्रश्न आले. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना त्याच गोष्टीचे समर्थन करायला सांगितले तेव्हा वर्ग गप्प झाला. खोडून काढणे सोपे असते, हे मुलांना माझ्या उपदेशाशिवाय समजले. आणि सगळ्यांत चांगले समर्थन आदल्या दिवशी सर्वांत जोरात खोडणाऱ्या मुलीने लिहिले.

रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन मात्र आम्हाला तुकड्यांतच मिळाला. पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याने वक्त्याच्या जडणघडणीवर बारा खंड लिहिले आणि त्यातला पहिला खंड लहान मुलांच्या शिक्षणावर आहे. मुलांना मारण्याला त्याचा स्वच्छ विरोध आहे. अरुंद तोंडाच्या भांड्यावर एकदम पाणी ओतले तर ते बाहेर सांडते, हळूहळू ओतले तर भांडे भरते, ही त्याने मुलांच्या ग्रहणशक्तीला दिलेली उपमा मी शिक्षक खोलीत चिकटवून ठेवली आहे. याउलट फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या बाराव्या शतकातल्या दारावर सात विद्यांच्या ज्या मूर्ती कोरल्या आहेत, त्यांत व्याकरणविद्येच्या हातात छडी आहे आणि पायाशी दोन मुले. निवासी वर्गात प्राध्यापिकांनी त्या मूर्तीचे छायाचित्र पडद्यावर दाखवून क्विंटिलियनचा उतारा वाचायला लावला आणि परंपरा एकमुखी नसते हे एका शब्दाचेही भाष्य न करता आमच्यासमोर मांडले. असे शिक्षक असताना क्विंटिलियनचे मधले सगळे खंड वगळून त्याऐवजी आधुनिक मार्गदर्शक पुस्तिका का वाचायला दिल्या, हे मला अजून उमगलेले नाही.

आता त्या पुस्तिकांविषयी. इंग्लिश लेखिका डोरोथी सेयर्स यांनी 1947 साली ऑक्सफर्डमध्ये एक भाषण दिले. मुलांच्या वाढीचे तीन टप्पे आहेत, पोपटासारखे पाठ करण्याचा, उलट उत्तरे देण्याचा आणि कवितेत रमण्याचा. आणि व्याकरण, तर्क व वक्तृत्व या तीन विद्या अनुक्रमे त्या टप्प्यांना साजेशा आहेत, अशी मांडणी त्यांनी केली. भाषण चुरचुरीत आहे, त्यात स्वतःच्या बालपणीच्या आठवणींचा आधार घेतल्याचे त्या मोकळेपणाने सांगतात, आणि बालमानसशास्त्राबाबत आपली मते ना रूढ आहेत ना प्रगत, अशी कबुलीही देतात. एवढी प्रांजळ कबुली दिलेल्या भाषणावर त्या पुस्तिकांची आणि आमच्या ‘अध्यापन पद्धती’ या संपूर्ण विषयाची इमारत उभी होती. प्राचीन किंवा मध्ययुगीन शिक्षकांसाठी व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही शिकायची शास्त्रे होती, वयाच्या पायऱ्या नव्हत्या. पाचवीपर्यंत फक्त पाठांतर आणि सातवीपासून वादविवाद, अशी वाटणी करून पाठ तयार करायला आम्हाला सांगण्यात आले आणि त्यावर गुण देण्यात आले. चार वर्षांचे मूल दिवसभर ‘का?’ विचारते हे ज्यांच्या घरात मूल आहे त्या सर्वांना ठाऊक आहे, आणि माझ्या बारा वर्षांच्या विद्यार्थ्यांना आजही पाठांतरात आनंद मिळतो. मी माझ्या आखणीत ही वाटणी मोडली आणि तसे का केले ते चार पाने लिहून दिले. गुण कापले गेले. गुणांचे दुःख नाही; ‘मेनो’ शिकवणाऱ्या विभागाने शंकेला असे वागवावे, याचे आहे.

क्वाड्रिव्हियमला एकच सत्र मिळाले आणि ते अपुरे पडले. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने केलेली विभागणी फार देखणी आहे: निखळ संख्येचा विचार ते अंकगणित, संख्यांच्या परस्परसंबंधाचा विचार ते संगीत, स्थिर परिमाणाचा विचार ती भूमिती आणि गतिमान परिमाणाचा विचार ते खगोल. युक्लिडच्या पहिल्याच सिद्धान्तावर आम्ही एक संध्याकाळ घालवली. दिलेल्या रेषाखंडाच्या दोन टोकांना केंद्र मानून त्याच त्रिज्येची दोन वर्तुळे काढायची आणि ती जिथे छेदतात तो बिंदू टोकांना जोडून समभुज त्रिकोण मिळवायचा. पण ती वर्तुळे छेदतातच हे युक्लिडच्या कोणत्या गृहीतकातून निघते? कोणत्याच नाही. हे ध्यानात आले तेव्हा आमच्यातल्या गणित नकोशा असलेल्या इतिहासाच्या शिक्षिकेनेही खुर्ची पुढे ओढली. त्यानंतर मात्र संगीत तीन तासांत आणि खगोल तीन तासांत उरकले गेले, आणि आजच्या विज्ञानाशी यातल्या कशाचाही सांधा जोडण्याचा प्रयत्न झाला नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांनी या अभ्यासक्रमाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

‘अभिजात’ हे कोणासाठी आणि कोणाचे, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही, आणि टाळला गेलाही नाही. पण त्याला एकच आठवडा मिळाला. त्या आठवड्यात आम्ही 1405 च्या सुमारास ‘स्त्रियांचे नगर’ हा ग्रंथ रचणाऱ्या फ्रेंच लेखिका क्रिस्तीन द पिझानला भेटलो, 1903 साली ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये शेक्सपिअरच्या शेजारी आपण बसतो असे लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसना वाचले, आणि गुलामगिरीत जन्मून पुढे वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत लॅटिन शिकवणाऱ्या व 1925 साली पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणाऱ्या ॲना ज्युलिया कूपर यांचे निबंध चाळले. चाळले हाच शब्द योग्य आहे. ज्यांना ही विद्या सहजासहजी मिळाली नाही त्यांनी ती का मागितली आणि मिळाल्यावर तिचे काय केले, हा धागा पहिल्या सत्रापासून सोबत हवा होता. शेवटच्या सत्रातल्या एका आठवड्यात तो कोंबल्याने ‘हेही वाचले’ अशी नोंद होण्यापलीकडे फार काही साधले नाही.

राहिली व्यवस्थेची बाजू. माहितीपत्रकात प्रत्येक विषयाला आठवड्याचे सहा तास लागतील असे लिहिले होते. मला कधीही दहाच्या खाली लागले नाहीत, आणि लॅटिनच्या दुसऱ्या सत्रात चौदा लागले. ऑनलाइन ग्रंथालय उत्तम होते. वर्गाध्यापनाचे मूल्यमापन म्हणजे दोन चित्रफिती पाठवायच्या आणि त्यावर दोन परिच्छेदांचा अभिप्राय मिळवायचा, एवढेच होते. शिक्षकांसाठीच्या अभ्यासक्रमात याहून कच्चा दुवा असू शकत नाही. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणावर मार्गदर्शकांचा अभिप्राय यायला सात आठवडे लागले, आणि दोन स्मरणपत्रांनंतर आला तेव्हा तो वृत्तपत्राच्या मुद्रितशोधनासारखा, स्वल्पविरामांपुरता होता. दुसरे मार्गदर्शक मागितल्यावर विभागाने ते विनातक्रार दिले आणि पुढचे काम सुरळीत झाले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवते.

मी हा अभ्यासक्रम भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना सुचवेन, पण तयार पाठ आणि हमखास पद्धती हवी असणाऱ्यांना अजिबात सुचवणार नाही. प्रवेश घेणारच असाल तर लॅटिनच्या पहिल्या तीन नामगणांची (डिक्लेन्शन) रूपे आधीच पाठ करून ठेवा, क्विंटिलियनचा पहिला खंड स्वतःहून पूर्ण वाचा, आणि प्रबंधाचे मार्गदर्शक ठरवताना अभिप्राय किती दिवसांत मिळेल ते लेखी मागून घ्या.